शिरोरेषा शेवटी देणारा हात

"मॅडम, मी लिहिलेलं त्यांना वाचता येतं. त्यांनी लिहिलेलं मला येत नाही. आता अक्षर कुणाचं खराब म्हणायचं?"

हा प्रश्न घेऊन तो आला तेव्हा मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. पुढे त्यात तीन-साडेतीन महिने गेले आणि मधे माझंही थोडं हसं झालं. पुण्यात इतकी वर्षं चिनी शिकवतेय, पण एकच दुखणं इतक्या स्वच्छपणे घेऊन आलेला दुसरा विद्यार्थी आठवत नाही. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवते. अक्षरं इथे शब्दांतच काढून दाखवणार आहे, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसलात तर बरं.

विद्यार्थी चौतिशीचा, साताऱ्याकडचा, चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. वयानं बराच लहान म्हणून 'तो' म्हणते; नाव मुद्दामच देत नाही. कारखान्यात चीनमधल्या निंगबोहून एक प्रेस आली आणि ती बसवायला तिकडून एक तंत्रज्ञ आले. कामात मुरलेल्या कारागिराला चिनीत 'शिफू' म्हणतात. आपला मिस्त्री आणि उस्ताद एकत्र केला की होतो तो शब्द. परत जाताना शिफूंनी वहीच्या पानावर मशीन सुरू-बंद करायच्या पायऱ्या बॉलपेननं झरझर लिहून दिल्या. यानं एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी पार केलेली, जुन्या आराखड्यातली, म्हणजे ६०० शब्दांची. पानावरचे जवळजवळ सगळे शब्द त्याच्या ओळखीचे होते. तरी पान काही वाचता येईना. शेवटी फोटो काढून निंगबोला पाठवला, तिकडून कुणीतरी तो मजकूर टाइप करून पाठवला, आणि मग यानं तो सहज वाचला. मेंटेनन्सच्या माणसाला ते लागलं.

परीक्षा पास होऊन हे कसं, तर त्यानं ती संगणकावर दिली होती. तिथे उच्चार रोमन लिपीत टाइप करायचा आणि खाली आलेल्या अक्षरांतून हवं ते निवडायचं. हाताचं काम नाही. चीनमधल्या लोकांचंही आता तेच चाललंय. 'थी-पी-वांग-त्स' असा शब्दप्रयोगच आहे त्यांच्याकडे: पेन उचललं की अक्षर विसरलं. पण आमचा गडी हातानंही लिहायचा. दर आठवड्याला गृहपाठाची पानं स्कॅन करून पाठवायचा, आणि मी दीड वर्ष त्यावर लाल पेननं 'छान' लिहीत होते. अक्षर खरंच छान होतं, चौकटीत नीट बसवलेलं.

मी पान पाहत होते, हात कधी पाहिलाच नव्हता. आमचे तास ऑनलाइन, कॅमेरा तोंडावर.

मग त्याला सांगितलं, फोन टेबलाच्या वर कशाला तरी बांध, खाली वही ठेव आणि वीस साधी अक्षरं लिहून त्याचा व्हिडिओ पाठव. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला फोन टांगला.

पहिलंच अक्षर 'खाय', म्हणजे उघडणे, सुरू करणे. मशीनच्या बटणावर असतं ते. एकाखाली एक दोन आडव्या रेघा आणि दुसरीला छेदून खाली उतरणारे दोन पाय: डावा जरा बाकदार, उजवा सरळ. लिहायचा क्रम असा: वरची आडवी, खालची आडवी, डावा पाय, उजवा पाय. यानं काय केलं, तर आधी दोन्ही पाय काढले, मग मधली आडवी, आणि सगळ्यात शेवटी वरची रेघ, डावीकडून उजवीकडे, एका दमात, ऐटीत. मी तो तुकडा तीनदा पाहिला. पुढचं 'पू' म्हणजे 'नाही', त्यातही तेच. 'थ्येन' म्हणजे आकाश, 'पाय' म्हणजे शंभर, 'म्येन' म्हणजे चेहरा: जिथे जिथे अक्षराच्या माथ्यावर आडवी रेघ, तिथे तिथे ती शेवटी.

ही रेघ मी कुठे पाहिली आहे, हे आठवायला क्षणभर लागला. माझ्याच टेबलावर किराणाची यादी पडली होती. साखर, तूरडाळ, रवा. आधी अक्षरं आणि शब्द पुरा झाला की वरून शिरोरेषा. बालवाडीच्या पाटीपासून त्याच्या हाताला हेच वळण होतं. दीड वर्षाच्या चिनीनं ते कुठून जाणार!

गंमत अशी की मराठी तोंडाला चिनी शिकताना बरंच फुकट मिळतं. रोमन लिपीत बी आणि पी लिहितात ते म्हणजे आपले सरळसोट प आणि फ (ओठ मिटून काढलेला फ), डी आणि टी म्हणजे त आणि थ. इंग्रजी माध्यमातून चिनी शिकणारे इथे अडखळतात, आपण नाही. तोंडाच्या सवयीनं असा हात दिला आणि हाताच्या सवयीनं पाय ओढला.

चीनमध्ये पहिलीच्या मुलांना रेघांच्या क्रमाचे, म्हणजे 'पी-शुन'चे, मोजके नियम शिकवतात. वरून खाली. डावीकडून उजवीकडे. आडवी आधी, उभी नंतर. डावीकडे उतरणारी आधी, उजवीकडे उतरणारी नंतर. मधे एक आणि दोन्हीकडे जुळी रूपं असतील तर आधी मधली. आणि चौकटीचं अक्षर असेल तर तीन बाजू काढा, आतलं लिहा, मग खालची रेघ ओढून चौकट मिटवा. हा शेवटचा नियम मुलांना सांगतात तो असा: आधी माणसं घरात येऊ द्यात, मग दार लावा. आमच्या माणसानं 'क्वो' म्हणजे 'देश' लिहिताना आधी दार लावलं आणि मग माणसं खिडकीतून आत ढकलली. 'खोउ' म्हणजे तोंड, तीन रेघांचा साधा चौकोन; तो यानं ठ चा गोल काढावा तसा एका झटक्यात फिरवून टाकला.

सगळ्याच चुका देवनागरीच्या माथी मारून मोकळं होता येत नव्हतं. पाण्याचं अक्षर घ्या, 'श्वेइ'. मधे उभी रेघ, तिला खाली डावीकडे आकडी. डाव्या अंगाला एक वळून उतरणारी रेघ, उजव्या अंगाला दोन. क्रम: आधी मधली उभी, मग डावं अंग, मग उजवं. त्यानं डावं अंग आधी लिहिलं, मग उभी, मग उजवं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना, डावीकडून उजवीकडे?" सांगितलं होतं खरं. नियम पाळूनच चुकला होता. उलट 'न्यू' म्हणजे बाई आणि 'त्स' म्हणजे मूल, या दोन्ही अक्षरांत आडवी रेघ शेवटीच येते, अंगावरून आरपार जाते. ती त्यानं न चुकता लिहिली, कारण शेवटी आडवी रेघ मारायला त्याचा हात कायमच टपलेला.

आता माझं हसं. राजाचं अक्षर 'वांग' म्हणजे तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी. आडनाव म्हणून चीनमध्ये पावलोपावली भेटतं. यानं लिहिलं: आडवी, उभी, आडवी, आडवी. मी म्हटलं चूक. दोन आडव्या, मग उभी, मग तळाची आडवी. तो म्हणाला, मी ॲनिमेशन बघून शिकलोय. मी जरा झिडकारलंच. त्यानं ते ॲनिमेशन पाठवलं. जपानी शिकणाऱ्यांसाठी केलेलं होतं, आणि जपानी हिशेबानं त्याचा क्रम अगदी बरोबर होता. शेताचं अक्षर 'थ्येन', म्हणजे चौकटीत अधिकचं चिन्ह, तिथेही तोच फरक: चीनमध्ये आतली आडवी आधी, जपानमध्ये आतली उभी आधी. जपानच्या शिक्षण मंत्रालयानं १९५८ साली शाळेच्या ८८१ अक्षरांसाठी क्रमाची पुस्तिका काढली. तैवाननं १९९६ मध्ये ४८०८ अक्षरांची वेगळी काढली. चीननं १९९७ मध्ये ७००० अक्षरांचा क्रम ठरवून दिला आणि २०२० मध्ये नव्या ८१०५ अक्षरांच्या यादीसाठी तो पुन्हा जाहीर केला. तीन घरं, तीन रीती. आपल्याकडे एकाच गावात दोन घरच्या पुरणपोळ्या सारख्या नसतात, त्यातलाच प्रकार. त्याला एवढंच सांगितलं की तुझे शिफू निंगबोचे, तेव्हा तू निंगबोच्या घरची रीत धर.

हे पडताळताना मी माझाही एक व्हिडिओ काढला. 'पी' म्हणून अक्षर आहे, 'नक्की, अवश्य' या अर्थाचं. दिसायला ते हृदयाच्या अक्षरावर एक तिरका फटकारा मारल्यासारखं दिसतं. मी आयुष्यभर आधी हृदय पूर्ण लिहून मग फटकारा मारत आले. ठरलेला क्रम तसा नाही: डावं टिंब, आकडीचा बाक, मधलं टिंब, मग तिरका फटकारा, आणि उजवं टिंब सगळ्यात शेवटी. चीनमध्येही कित्येक मोठी माणसं हे माझ्यासारखंच चुकीचं लिहितात, पण मी शिक्षिका. मुकाट्यानं त्याला कळवलं. त्यानं अंगठा पाठवला.

उपायाची सुरुवातही मी चुकीचीच केली. कित्ता गिरवायला दिला. सरावाच्या कागदावरच्या चौकोनांना 'थ्येन-त्स-क' म्हणतात, म्हणजे शेताच्या अक्षराची चौकट. चौकोनात अधिकच्या आकाराच्या दोन फिक्या रेघा असतात, म्हणून हे नाव. प्रत्येक अक्षर दोन-दोन ओळी. पंधरा दिवसांनी व्हिडिओ मागवला तर क्रम जवळपास जसाच्या तसा, वेग मात्र दुप्पट. कित्ता पोहोचायचं ठिकाण दाखवतो, वाट नाही. मी त्याला चुकीच्या वाटेवरच पळायचा सराव दिला होता.

मग आकड्यांकडे वळलो, आणि इथे त्याचा धंदा कामी आला. चिनी रेघांचे हिशेबासाठी पाचच वर्ग करतात. आडवी 'हंग' म्हणजे १, उभी 'शू' २, डावीकडे उतरणारी 'फ्ये' ३, टिंब आणि उजवीकडे उतरणारी 'ना' ४, आणि मोडून वळणारी 'च' ५. उभीला खाली आकडी असली तरी ती २ च धरायची. हा हिशेब लक्षात ठेवायला एक अक्षरही सापडतं, 'चा' नावाचं: झाडाच्या अक्षराशेजारी एक वळणारी रेघ. ते लिहिताना पाचही वर्ग १, २, ३, ४, ५ अशा ओळीनं येतात. फोनमध्ये चिनी कीबोर्ड घालताना 'पी-ह्वा' नावाचा पर्याय मिळतो, तो या पाच बटणांवर चालतो. रोमन उच्चार न येणारी चीनमधली म्हातारी माणसं तो वापरतात. रेघा क्रमानं दाबल्या तरच हवं ते अक्षर वर येतं.

म्हणजे 'खाय' झालं ११३२. 'श्वेइ' २५३४. चौकोनी 'खोउ' २५१, शेत २५१२१, देश २५११२१४१. मेंटेनन्सच्या माणसाचं आयुष्य पार्ट नंबरांत जातं. बेअरिंगचे नंबर त्याला झोपेत तोंडपाठ. ११३२ ऐवजी हाताच्या सवयीनं ३२११ दाबलं की फोनवर भलतंच काहीतरी उगवायचं. वही कधी बोलली नाही, फोन लगेच बोलायचा. आठ दिवसांत त्यानं साठ-सत्तर अक्षरांचे नंबर पाठ केले आणि मला उलट परीक्षा घ्यायला सांगू लागला: "मॅडम, ३५१५२?" ते 'यिन' होतं, 'यिन-तू' मधलं, म्हणजे आपल्या भारताच्या चिनी नावातलं पहिलं अक्षर. जपानात त्याच अक्षराच्या पाच नाही, सहा रेघा मोजतात, हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. उगाच कशाला?

हा आकड्यांचा खेळ फोनपुरता नाही. चीनमध्ये मानाच्या याद्या पुष्कळदा आडनावातल्या रेघांच्या संख्येनं लावतात, म्हणजे कोण वर कोण खाली हा प्रश्नच नको. चार रेघांचा वांग आधी, सात रेघांचे ली आणि चांग नंतर. दोघांच्या सात-सात, मग पहिली रेघ बघायची: ली आडवीनं सुरू होतो, चांग वळणारीनं, म्हणून ली पुढे. म्हणजे पहिली रेघ कुठली हे ठाऊक नसेल तर यादीत नाव शोधतानाही चाचपडावं लागतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात संघ याच हिशेबानं मैदानात आले. रिवाजाप्रमाणे ग्रीस पहिला, आणि त्याच्यामागे चक्क गिनी, कारण गिनीच्या चिनी नावाचं पहिलं अक्षर दोन रेघांचं. यजमानांच्या आधी सगळ्यात शेवटी झांबिया. त्याचं पहिलं अक्षर सोळा रेघांचं. टीव्हीवर बघताना तेव्हा हे काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं.

आकड्यांच्या जोडीला हवेत लिहिणं. चिनी शाळांत त्याला 'शू-खुंग' म्हणतात: बोट वर करून मोठ्यानं रेघांची नावं घ्यायची आणि हवेत अक्षर काढायचं. हंग, हंग, फ्ये, शू. तो हे कंपनीच्या बसमध्ये करायचा. शेजारच्यानं एकदा विचारलं म्हणे, की मॅग्नेटिक हीलिंग वगैरे काही आहे का?

आता मूळ दुखणं: शिफूंचं पान.

तोवर मी ते पान मुद्दामच बाजूला ठेवलं होतं. रोजच्या वापरातलं हातचं चिनी अक्षर छापील नसतं, त्याला 'शिंग-शू' म्हणतात, म्हणजे चालतं अक्षर. पेन पुरतं उचललं जात नाही. एक रेघ संपली की पुढची जिथे सुरू होते तिथवर पेनाचा माग उमटतो, बारीक दोरीसारखा. पानाची पहिली ओळ होती: 'श्येन खाय श्वेइ, होउ खाय ची.' आधी पाणी सुरू, मग मशीन. (छापील मजकूर आल्यावरही त्यानं आधी 'उकळतं पाणी' असंच वाचलं होतं, 'खाय-श्वेइ' जोडून घेतलं तर तोच अर्थ होतो. ती चूक मात्र क्षम्य.) मी फोटोतलं 'खाय' मोठं करून दाखवलं. वरच्या आडव्या रेघेच्या उजव्या टोकापासून एक बारीक तिरकी दोरी डावीकडे खाली उतरली होती आणि तिथून दुसरी आडवी निघाली होती. त्याला ती दोरी खरीच रेघ वाटली होती, म्हणून हे कुठलं तरी न शिकलेलं अक्षर असणार असं त्यानं धरलं. साहजिक होतं. जो माणूस वरची रेघ शेवटी काढतो, त्याच्या हाताला वरच्या रेघेनंतर कुठे जायचंच नसतं. त्या दोरीला त्याच्याकडे अर्थच नव्हता.

"आता ११३२ म्हणत बोट फिरव," म्हटलं.

त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. एक, आणि बोट आपसूक डावीकडे उतरलं, दोरीवरून. पुन्हा एक. मग तो थांबला आणि म्हणाला, "अरेच्चा!"

पाण्याचं तसंच. शिफूंच्या अक्षरात मधल्या उभ्या रेघेच्या आकडीतून दोरी निघून वर डाव्या अंगाला जात होती. डावं अंग आधी लिहिणाऱ्याला ती उलटी वाटणारच. चौकोनी 'खोउ' तर ओळखूच येत नव्हता: डावीकडे एक उभी रेघ आणि तिला चिकटून आपल्या २ सारखा एक फराटा. वरून वळणारी रेघ आणि तळाची आडवी एका झटक्यात जोडली गेली की असंच दिसतं. चौकोन एका दमात गोल फिरवणाऱ्याच्या डोळ्यांना यात चौकोन कुठून दिसणार?

मला मोडी शिकतानाचे दिवस आठवले. मोडीत तर शिरोरेषा आधीच, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतात आणि खाली लेखणी न उचलता अक्षरं टांगत जातात. जुना कागद समोर आला की नुसत्या डोळ्यांनी काही उमगत नाही. बोटानं माग काढत गेलं, लिहिणाऱ्याचा हात कसा फिरला असेल ते धरत गेलं, की मग शब्द सुटतात. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "आजोबांच्या जमिनीचे कागद आहेत घरी मोडीत." ते वेगळं प्रकरण.

शेवटचे पाच-सहा आठवडे मी त्याला पेन्सिल न उचलता लिहायला लावलं. मुद्दाम घाणेरडं, दोऱ्या दिसतील असं. हे त्याला जड गेलं. दीड वर्ष 'छान' घेतलेला माणूस तो. वही गचाळ झाली, पण क्रम चुकला की दोरी भलत्या ठिकाणाहून जायची आणि त्याचं त्यालाच दिसायचं. शिरोरेषेची खोड पूर्ण गेली असं म्हणणार नाही. घाईत 'म्येन' लिहिताना वरची रेघ अजून शेवटी येते. दिवसभर मराठीत लॉगबुक भरून आला असेल तर हमखास.

शिफूंचं पान त्यानं तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस माझ्यासमोर वाचलं, वरपासून खालपर्यंत, दोन ठिकाणी अडखळून.

पावसाळ्यात प्रेसचा कुठलासा व्हॉल्व्ह गेला आणि शिफू पुन्हा चार दिवस आले. या वेळी त्यांनी लिहून दिलेल्या कागदाचा फोटो मला रात्री साडेदहाला आला, मदतीसाठी नव्हे. एका अक्षराभोवती लाल वर्तुळ होतं: 'पी', नक्की, अवश्य. मधल्या टिंबापासून उजव्या टिंबापर्यंत दोरी सलग गेली होती आणि तिरका फटकारा त्या दोरीच्याही वर, एकटाच, मागाहून मारलेला. खाली त्यानं लिहिलं होतं:

"मॅडम, शिफू पण तुमच्यासारखंच लिहितात."